गाडीचा ब्लोअर बंद पडला: पार्ट बदलण्याआधी करंट मोजा

जुलैमध्ये माळशेज किंवा आंबोलीचा घाट चढताना समोरची काच धुरकट झाली आणि ब्लोअर चालला नाही, तर पुढचे वळण दिसत नाही. विदर्भात मे महिन्यात ब्लोअर गेला की दुपारी गाडीत बसवत नाही. घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढू लागला, तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर जोरात लावणे हा इंजिनची उष्णता बाहेर काढायचा एक तातडीचा उपाय असतो. तिथेही ब्लोअरच लागतो. म्हणून या पंख्याकडे केवळ आरामाची वस्तू म्हणून पाहू नये.

ब्लोअर हा गाडीतला तसा साधा भाग आहे. एक मोटर, तिच्यावर पिंजऱ्यासारखा फॅन, वेग कमी करायला रेझिस्टर, वर एक नॉब. तरीही याच कामात लोकांचे पैसे फुकट जातात, कारण मोजमाप न करता पार्ट बदलले जातात. हवा कमी येते म्हणून एसीचा गॅस भरला जातो. रेझिस्टर जळाला म्हणून नवा बसवला जातो आणि काही आठवड्यांत तोही जळतो. या लेखातला क्रम पाळला तर ही दोन्ही कामे टळतात. साध्या मल्टिमीटरवर (व्होल्ट आणि ओहम मोजायचे मीटर) आणि एका बल्बवर बहुतेक निदान होते.

हे वर्णन फिरवायच्या नॉबवर चार वेग असलेल्या छोट्या हॅचबॅक गाडीचे आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा गाड्या भरपूर आहेत. डिजिटल तापमान असलेल्या ऑटोमॅटिक एसीचा फरक शेवटी दिला आहे.

आधी ठरवा: हवा नाही की गारवा नाही

नॉब चारवर ठेवा आणि सगळ्या जाळ्यांसमोर हात धरा. हवा जोरात येते पण गार किंवा गरम होत नाही, तर ब्लोअर ठीक आहे. तो विषय गॅस, कॉम्प्रेसर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) किंवा आतल्या झडपेचा. हवाच येत नसेल किंवा कमी येत असेल, तर गॅसच्या दुकानात जायचे काही कारण नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. बहुतेक गाड्यांत ब्लोअर चालू असल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय एसीचा कॉम्प्रेसर लागतच नाही. बंद ब्लोअरवर कूलिंग कॉइल गोठून बर्फ होऊ नये म्हणून ही सोय केलेली असते. त्यामुळे ब्लोअरचा स्विच खराब झाला, तर तक्रार 'एसी लागत नाही' अशी येते आणि तपासणी भलत्याच टोकाकडून सुरू होते.

करंट कुठून कुठे जातो

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले (लहान करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), रिलेपासून मोटर. अनेक गाड्यांत चावी ऑन केली की मोटरच्या एका पिनवर १२ व्होल्ट येऊन थांबतात, आणि नॉब फिरवून आपण मोटरची अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी, बाजू जोडतो. अर्थकडे जाताना वाटेत रेझिस्टर असतो. नॉब एकवर असला की करंट रेझिस्टरच्या सगळ्या तारेतून जातो, दोन आणि तीनवर कमी तारेतून, आणि चारवर रेझिस्टर पूर्ण वगळून थेट अर्थला. काही गाड्यांत रेझिस्टर प्लसच्या बाजूला असतो, पण तपासण्याची पद्धत तीच राहते.

आता लक्षणे वाचता येतात. एक, दोन, तीन बंद आणि फक्त चार चालू, म्हणजे रेझिस्टर गेला किंवा त्याचा कपलर (वायरींचा प्लग) जळाला. दुसरे कारण क्वचितच निघते. याच्या उलट, पहिले तीन चालू आणि फक्त चार बंद असेल तर रेझिस्टरला दोष देऊ नका. चौथ्या वेगाला सर्वांत जास्त करंट ज्या स्विचच्या टोकातून किंवा वेगळ्या रिलेतून जातो, ते टोक जळालेले असते. सगळेच वेग बंद असतील तर फ्यूज, रिले, मोटर, अर्थ आणि स्विच अशी यादी घ्यायची. सगळे वेग चालतात पण हवा मंद आहे, तर फिल्टर, जड झालेली मोटर किंवा वायरिंगमधला व्होल्टेज ड्रॉप (वाटेतच वाया जाणारे व्होल्ट). ग्लोव्ह बॉक्सच्या खाली हाताने टकटक केल्यावर ब्लोअर सुरू होत असेल, तर मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) संपत आलेत.

आवाजही बरेच सांगतो. फट्-फट् असा वेगाबरोबर वाढणारा आवाज म्हणजे फॅनमध्ये पान, कागद किंवा उंदराने आणलेला कापूस. थंड सकाळी कमी वेगावर चूं-चूं येते आणि थोड्या वेळाने थांबते, ते कोरडे पडलेले बुश (मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी). स्टिअरिंगपर्यंत जाणवणारी थरथर म्हणजे फॅनचा बॅलन्स गेलेला आहे. पात्यावर एका बाजूला साचलेला चिखल किंवा तुटलेले पाते हे त्याचे सहसा कारण.

हातात काय हवे

स्टार स्क्रू-ड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे पाने, टॉर्च, मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा एक बल्ब. हा बल्ब महत्त्वाचा आहे. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा चालेल, जुन्या हेडलाइटचा ५५ वॅटचा त्याहून चांगला. त्याच्या दोन टोकांना हातभर वायरी लावून घ्या. एलईडीचा टेस्टर या कामाला नको. सैल किंवा काळ्या पडलेल्या जोडातूनही मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि एलईडी लख्ख पेटते, कारण दोन्ही जवळजवळ करंट ओढतच नाहीत. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढतो, त्यामुळे खराब जोड लगेच उघडा पडतो. हा बल्ब काही सेकंदांत चटका बसेल इतका तापतो, तो सीट कव्हरवर किंवा कार्पेटवर टेकू देऊ नका.

शक्य असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा क्लॅम्प मीटर मिळवा, कोणाकडून मागून का होईना. विकत घेताना बघून घ्या, कारण स्वस्त क्लॅम्प मीटरपैकी बरेच फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजतात. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या टोकातून ब्लोअरचा पूर्ण करंट मोजायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

ग्लोव्ह बॉक्सच्या वर बहुतेक नव्या गाड्यांत प्रवाशाची एअरबॅग असते. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी वायरिंग दिसली की तिला हात लावायचा नाही आणि तिच्यावर मीटर किंवा बल्ब कधीही टेकवायचा नाही. त्या भागात पाना लावण्याआधी चावी काढा, बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडवा आणि काही मिनिटे थांबा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा.

ब्लोअर पूर्ण बंद असेल तर

फ्यूजपासून सुरुवात करा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये ब्लोअर किंवा हीटर नावाचा फ्यूज सापडेल. तो बहुधा २०, २५ किंवा ३० अँपिअरचा असतो. २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा. वितळला असेल तर त्याच आकड्याचा नवा लावा, पण लावण्याआधी मोटरचा कपलर काढून ठेवा. मोटर जोडलेली नसतानाही नवा फ्यूज उडाला, तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली आहे. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग पावसाळ्यात हेच करते. मोटर जोडल्यावरच उडत असेल, तर मोटर जाम किंवा आतून शॉर्ट आहे. २० च्या जागी ३० चा फ्यूज किंवा तार घालणे हा डॅशबोर्डला आग लावायचा मार्ग आहे. 'तेवढ्यापुरते' म्हणूनही करू नका.

मग रिले. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा रिले तंतोतंत त्याच नंबरचा असेल, तर दोन मिनिटे अदलाबदल करून बघा. टक् असा आवाज आला म्हणजे रिले चांगला, असे समजू नका. आवाज चुंबकाचा असतो, आतले पॉइंट जळालेले असू शकतात.

इथवर ठीक असेल तर मोटरपाशी जा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मोटर बहुधा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असते. तिचा दोन वायरींचा कपलर काढा आणि कपलरच्या दोन टोकांत बल्ब लावा. बॅटरीचा मायनस सोडवला असेल तर परत जोडा, मग चावी ऑन, नॉब चारवर. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग, स्विच, रिले सगळे ठीक, मोटर गेली आहे. मग नॉब तीन, दोन, एक असा आणत जा. बल्ब पायरीपायरीने मंद होत गेला तर रेझिस्टरही चांगला आहे. एकाच बल्बने अर्ध्या सर्किटचा निकाल लागतो.

बल्ब पेटलाच नाही, तर एक टोक गाडीच्या स्वच्छ लोखंडी बॉडीला लावा आणि दुसरे कपलरच्या पिनांना आळीपाळीने. कुठल्याच पिनेवर पेटला नाही, तर प्लस येत नाही. एका पिनेवर पेटला, तर प्लस आहे आणि अर्थची वाट तुटली आहे. ती वाट रेझिस्टर, स्विच आणि शेवटी अर्थच्या नटापर्यंत जाते. पुराच्या पाण्यात उभी राहिलेल्या किंवा समुद्रकाठच्या गाड्यांत तो नट हिरवा-पांढरा झालेला सापडतो. काढून, घासून, घट्ट बसवला की काम होते.

रेझिस्टर का जळतो

या भागावर घाई करू नका. माझ्या मते ब्लोअरच्या दुरुस्तीतले सगळे कौशल्य इथे आहे.

रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो. नॉब दोनवर असताना समजा मोटर ५ अँपिअर घेते आणि तिला ६ व्होल्ट मिळतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा व्होल्टच्या आसपास असतात. उरलेले पावणेआठ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे त्या चिमुकल्या तारेत जवळजवळ ४० वॅट उष्णता तयार होते, सोल्डरिंग आयर्नइतकी. ती वाहून नेण्याचे काम फॅनच्या हवेचे. हवा कमी झाली की तार लाल होते आणि तिच्यावरचा थर्मल फ्यूज (जास्त तापला की तुटणारा) कायमचा तुटतो. मग फक्त चौथा वेग उरतो.

तेव्हा रेझिस्टर जळण्यामागे बहुधा दोन कारणे असतात. पहिले, चोंदलेला फिल्टर किंवा पानांनी भरलेली वाट. पिंजऱ्याच्या फॅनची वाट अडली की मोटरवरचा भार वाढत नाही, उलट कमी होतो, आवाज जरा तीक्ष्ण होतो आणि करंटही थोडा उतरतो. त्यामुळे फ्यूज उडत नाही, मोटर तक्रार करत नाही, फक्त रेझिस्टर हवेविना भाजत राहतो. दुसरे, बुश सुकल्याने किंवा गंजल्याने जड झालेली मोटर. ती हळू फिरते, जास्त करंट ओढते आणि हवाही कमी देते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून करंट दीडपट झाला तर तारेतली उष्णता सव्वादोन पट होते.

म्हणून नवा रेझिस्टर बसवण्याआधी फिल्टर काढून बघा आणि मोटरचा करंट मोजा. नॉब चारवर, इंजिन चालू, काचा बंद, मोटर तिच्या जागेवर बसलेली आणि फिल्टर आत. प्लसच्या एकाच वायरीभोवती क्लॅम्प लावा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्य येईल. सुरुवातीला आकडा क्षणभर उडी मारतो, तो सोडून द्या आणि स्थिर झाल्यावर वाचा. छोट्या गाडीत चौथ्यावर साधारण १० ते १८ अँपिअर असतात. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण सतत चालणारा करंट फ्यूजच्या आकड्याच्या पाऊण भागाच्या वर नसावा, हा वायरिंगमधला वापरातला नियम इथे चांगला लागू पडतो. २० च्या फ्यूजवर १८ दिसले, तर मोटर बघायलाच हवी. नवा रेझिस्टर त्या मोटरवर टिकणार नाही.

रेझिस्टर मोजायचा असेल तर तो काढून ओहमवर मोजा. सगळ्या पायऱ्या शून्य ते तीन-चार ओहमच्या आत असतात, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरी ०.२ ते ०.५ ओहम दाखवतात, तेवढे वजा करा. मीटरवर ओहमचा आकडाच येत नसेल (OL किंवा डावीकडे नुसता १) तर तार किंवा थर्मल फ्यूज तुटला. काही जण तो थर्मल फ्यूज तारेने जोडून देतात. ब्लोअर चालतो, पण पुढच्या वेळी उष्णता वाढली की थांबवणारे काहीच उरत नाही आणि शेजारी प्लास्टिक असते. कोणी असे करून दिले असेल तर ते काढून नवा रेझिस्टर घाला. तो काही शे रुपयांत मिळतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना पार्ट हातात घेऊन गेलात, तर पिना जुळवून मिळेल.

आता कपलर. रेझिस्टर काढताना प्लास्टिक तपकिरी झालेले, वितळलेले किंवा एक पिन काळी दिसली, तर तिथला जोड सैल आहे. जोडात फक्त ०.१ ओहम अडथळा असेल आणि १५ अँपिअर जात असतील, तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि साडेबावीस वॅट त्या प्लास्टिकमध्ये तापतात. नव्या रेझिस्टरला जुना जळका कपलर लावला तर नवी पिनही जळेल. वायरसकट मिळणारा नवा कपलर आणा, आधी मोबाइलवर जुन्या कपलरचा फोटो घ्या, एकावेळी एकच वायर तोडा. तांबे चकचकीत लागेपर्यंत वायर मागे कापा, कारण जळलेल्या टोकापासून बरेच आत तांबे काळे झालेले असते. तेवढ्याच किंवा जाड वायरीने क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा) आणि वरून गरम करून आक्रसणारी स्लीव्ह चढवा. नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला जोड इथे टिकत नाही.

जोड नीट झाला का, हे व्होल्टेज ड्रॉपवरून कळते. मोटर चारवर चालू ठेवून मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा मोटरच्या प्लस पिनेवर, कपलरच्या मागून बारीक टाचणी घालून. अर्ध्या व्होल्टच्या आत आले तर चांगले. मग अर्थच्या बाजूला तसेच, मोटरची दुसरी पिन आणि बॅटरीचा मायनस. एक व्होल्टच्या वर गेले तर वाटेत कुठेतरी खराब जोड आहे. एकेक जोड ओलांडत मोजत गेलात की तो सापडतो.

मोटर काढणे

बॅटरीचा मायनस सोडवलेला आहे ना, ते पुन्हा बघा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली झुकवा आणि बिजागरातून काढा. मोटरचा गोल तळ दिसेल. कपलर काढा, मोटर थंड करणारी छोटी रबरी नळी असेल तर तीही. खालून बहुधा तीन स्क्रू असतात. शेवटचा स्क्रू काढताना एक हात खाली धरा, मोटर फॅनसकट खाली येते. खाली जुने वर्तमानपत्र पसरा. काही गाड्यांत मध्ये लोखंडी पट्टी आडवी येते, ती आधी काढावी लागते.

आत उंदराची लेंडी किंवा घरटे निघाले तर झाडू किंवा हवेचा पाइप मारू नका. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून ते ओले करा, मग पुसून उचला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि पावसाळ्यात तो आपल्याकडे दरवर्षी दिसतो.

फॅन ब्रशने झाडा. पात्यांवर कुठे छोटी लोखंडी क्लिप दिसली तर ती काढू नका, ती बॅलन्ससाठी लावलेली असते. मग फॅन हाताने फिरवून सोडा. चांगली मोटर थोडी गरगरत जाऊन थांबते. कडक वाटली किंवा जागच्या जागी थांबली तर बुश बघायला हवे. शाफ्ट बाजूला हलवून बघा. स्पष्ट खडखड जाणवली तर बुश झिजले आहे आणि अशी मोटर दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीच घ्या. बुश नुसते कोरडे असेल तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. गंज सोडवायचे स्प्रे इथे मारू नयेत. ते पातळ असतात, थोड्या दिवसांत उडून जातात आणि जाताना बुशमधले मूळ तेलही धुऊन नेतात. तेल कार्बनवर उडाले तर मोटर आणखी बिघडते.

मोटरमधून काळी भुकटी पडत असेल आणि टकटक केल्यावरच ती चालत असेल, तर कार्बन झिजलेत. मोटर उघडता येणारी असेल, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मापाचे कार्बन घालून, आर्मेचरचा (मोटरच्या फिरत्या भागाचा) तांब्याचा भाग बारीक झिरो पेपरने साफ करून देतो. जुन्या गाडीला हे काम परवडते. दाबून बंद केलेली मोटर उघडण्याच्या फंदात पडू नका.

नवी मोटर घेताना फॅनचा व्यास, उंची, पिना आणि फिरण्याची दिशा जुनीशी ताडून बघा. प्लस-मायनस उलटे लागले तर मोटर उलटी फिरते. पिंजऱ्याचा फॅन उलटा फिरूनही थोडी हवा देतो, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. मोटरच्या कामानंतर हवा आधीपेक्षा कमी येत असेल तर आधी दिशा तपासा.

मोटर फिरते, पण हवा कमी

केबिन फिल्टर काढा आणि त्याच्याशिवाय ब्लोअर लावून बघा. हवा लगेच वाढली तर फिल्टरच दोषी. धुळीच्या रस्त्यावर, उसाच्या किंवा खाणीच्या पट्ट्यात १०,००० किलोमीटरची वाट बघू नका, दर सर्व्हिसला बघा. फिल्टर बसवताना बाणाची दिशा पाळा. काही जुन्या आणि स्वस्त मॉडेलांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नव्हता. तिथे सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि कॉइलच्या तोंडावर गालिचासारखा थर सापडतो. मोटर काढल्यावर त्या भोकातून टॉर्च किंवा मोबाइलचा कॅमेरा घालून कॉइल दिसते का बघा. वायपरखालची जाळीही साफ करा. तिथे साठलेली पाने हवा अडवतात आणि पाणीही आत वळवतात.

डावीकडच्या प्रवाशाच्या पायाखालचे कार्पेट ओले होत असेल तर कूलिंग कॉइलच्या पाण्याची नळी तुंबली आहे. गाडीखालून ती नळी शोधा आणि हलक्या हाताने मोकळी करा. लांब तार आत खुपसू नका, कॉइलच्या ॲल्युमिनियमला भोक पडले तर सगळा गॅस जाईल. हे पाणी मोटरपर्यंत चढले की बुश गंजतात आणि तिथून वरची रेझिस्टरची सगळी कथा सुरू होते.

आणखी एक प्रकार हायवेवर दिसतो. तासभर एसी उत्तम चालतो, मग मोटरचा आवाज तोच असून हवा मरते. एसीचे बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत हवा परत आली आणि गाडीखाली भरपूर पाणी पडले, तर कॉइलवर बर्फ साचला होता. मोटर बदलू नका. कॉइलचे तापमान ओळखणारा सेन्सर, गॅसचे प्रमाण किंवा तुंबलेला फिल्टर, यांच्यात दोष आहे.

हीटर गरम करत नसेल

इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करा आणि इंजिनकडून केबिनमध्ये जाणाऱ्या दोन रबरी नळ्या पटकन स्पर्शून बघा. दोन्ही कडक गरम पण हवा गार, तर आतली मिक्सिंगची झडप हलत नाही, म्हणजे नॉबची केबल सुटली किंवा झडपेची छोटी मोटर गेली. एक गरम, दुसरी कोमट, तर हीटर कॉइल चोंदली आहे किंवा वाटेतली कॉक उघडत नाही. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही खालीच, तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप) उघडा अडकला आहे. डॅशबोर्डमागे पाण्याचा गुडगुड आवाज येत असेल तर कूलंट कमी आहे. इंजिन गार असतानाच झाकण उघडून बघा, गरम असताना कधीच नाही. काचेवर आतून चिकट थर आणि गोडसर वास असेल, तर हीटर कॉइल गळते आहे.

पावसात आतली काच धुरकटली की हवेची दिशा काचेकडे, बाहेरची ताजी हवा, एसी चालू आणि तापमान थोडे गरमकडे. एसी हवा कोरडी करतो, म्हणून तो पावसातही लावायचा. वायपर फिरवल्यावर धुके पुसले गेले तर ते बाहेरच्या बाजूला आहे. तुमची काच फार गार झाली आहे, तापमान वाढवा.

ऑटोमॅटिक एसी आणि इलेक्ट्रिक गाड्या

ऑटोमॅटिक एसीत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. ते आतून शॉर्ट झाले तर ब्लोअर पूर्ण वेगाने चालतो आणि कमी होत नाही. ओपन झाले, म्हणजे आतली वाट तुटली, तर अजिबात चालत नाही. मोटरला थेट बॅटरीवरून, वाटेत फ्यूज घालून, १२ व्होल्ट देऊन बघा. चालली तर मॉड्यूल किंवा त्याचा सिग्नल. मॉड्यूल जळण्याची कारणे रेझिस्टरसारखीच आहेत, त्यामुळे करंट इथेही मोजायचाच. मागच्या सीटसाठी वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत मागचा ब्लोअर आणि त्याचा वेग नियंत्रित करणारा भाग वेगळा असतो, तो वेगळाच तपासा.

इलेक्ट्रिक गाडीत ब्लोअरची मोटर १२ व्होल्टचीच असते, पण हीटर आणि कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतात. नारिंगी रंगाची केबल दिसली की तिथे घरचे काम थांबते. एसीच्या गॅसच्या पाइपांचे नटही घरी उघडायचे नाहीत, आणि कॉइल काढण्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा असेल तर ते काम माहितगार वर्कशॉपला द्या.

सगळे जोडून झाले की इंजिन चालू ठेवून चारही वेगांवर दोन-दोन मिनिटे ब्लोअर चालवा आणि प्रत्येक वेगाचा करंट आणि मोटरवरचे व्होल्ट वाचा. कपलरला मागून हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. हे आठ आकडे आणि तारीख एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या आत चिकटवा. पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा मोजलेत आणि चौथ्या वेगाचा करंट दोन-तीन अँपिअरने वाढलेला दिसला, तर रेझिस्टर जळण्याआधीच मोटर काढून बुशला तेल द्या.